बारीपाड्याच्या रानांतील एक फेरी

खानदेश म्हटला कीं देशावरच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें काळी जमीन, कापूस, केळीच्या बागा आणि डोकें भणाणून सोडणारें ऊन एवढेंच चित्र उभें राहतें. आमचीही समजूत याहून निराळी नव्हती. गेल्या मार्गशीर्षांत साक्रीस एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नास जाण्याचा योग आला, आणि ही समजूत निदान पश्चिम खानदेशापुरती तरी आम्हांस टाकून द्यावी लागली.

लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा उरला. तीन दिवसांच्या पंक्तींनीं अंगास आलेलें जडत्व घालविण्यासाठीं कोठें तरी पायीं हिंडून यावें असें आमच्या मनांत आलें. यजमानांनीं तत्काळ सुचविलें, “पिंपळनेरच्या पलीकडे बारीपाडा आहे. तेथील लोकांनीं स्वतः राखलेलें रान आहे. वाट दगडधोंड्यांची आहे खरी. पण सकाळीं लवकर चढूं लागलांत तर रानास वळसा घालून दुपारपर्यंत परत गांवांत याल.” आमच्या धाकट्या भगिनीनें “रानांत पाहायचें तें काय?” असा प्रश्न केला, पण तिच्या दहा वर्षांच्या चिरंजिवांनीं त्याआधींच बूट चढविले होते, त्यामुळें वाद वाढला नाहीं. आम्ही, सौ., भगिनी आणि हा भाचा अशी चौघांची स्वारी पहांटे निघाली.

साक्री हें कान नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तें धुळ्यापासून सुमारें ५५ किलोमीटरांवर लागतें. या भागांत हिंडतांना प्रथम नजरेंत भरतात त्या दगडी भिंती. कोणीं दोरी लावून रचल्या असाव्या अशा काळ्या दगडांच्या रांगा, कोठें कमरेइतक्या, कोठें टेकडीएवढ्या, माळामधून पूर्व-पश्चिम धांवत जातात. भाच्यानें विचारलें, “मामा, ह्या किल्ल्याच्या तटबंद्या का?”

त्या मनुष्याच्या हातच्या नव्हेत. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर जमीन फाटून लाव्ह्याचे पूर आले व थरावर थर सांचले. मागाहून आलेला कांहीं तप्त रस ह्या थरांस उभ्या चिरा पाडून त्यांत शिरला आणि तेथेंच थिजला. भोंवतालचा मऊ, कुजट खडक ऊनपावसानें झिजून गेला. चिरेंतला कठीण दगड मात्र उभा राहिला. भूशास्त्रज्ञ अशा भिंतीस डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळें प्रदेशांतील डाइकांचा एक विस्तृत अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक किलोमीटरहून लांब अशा २१० भिंतींची नोंद असून त्यांची जाडी ३ मीटरांपासून ६२ मीटरांपर्यंत आढळली आहे. सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरांची; ती साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याच्या दिशेनें गेली आहे. हें ऐकून भाच्यानें मोटारीच्या कांचेस जें नाक लावलें तें पिंपळनेर येईपर्यंत काढलें नाहीं. ह्या भिंती जमिनीच्या पोटांतही खोल गेलेल्या असल्यामुळें झिरपून वाहणाऱ्या पाण्यास त्या आडव्या येतात, आणि एका अंगाची विहीर भरलेली तर दुसऱ्या अंगाची कोरडी असाही प्रकार घडूं शकतो. पाण्याचें दैव येथें असें दगडाच्या हातीं आहे.

पुढें पांझरेचें खोरें लागतें. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्या यांवर बंधारे घालून पाणी वांटून घेण्याची ‘फड’ पद्धति ह्या मुलखांत कैक पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे बहुधा चार भाग पाडावयाचे. एकेका भागांत, म्हणजे फडांत, सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. पुढच्या वर्षीं पिकें फिरवावयाचीं. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि खर्च ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानानें. नदीस पाणी कमी असेल त्या वर्षीं भिजविण्याचें क्षेत्र सर्वांनीं मिळून कमी करावयाचें. पाटाच्या तोंडाशीं ज्याची जमीन त्यानें पोटभर प्यावें आणि शेंपटाशीं असलेल्यानें आकाशाकडे पाहत बसावें, असें होऊं नये ही त्यांतील खुबी. आज ही पद्धति बरीचशी मोडकळीस आली आहे. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, पुढें जगप्रसिद्ध झालेले इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई सरकारच्या नोकरींत शिरले व आरंभींच्या काळांत धुळ्यास होते, आणि त्यांच्या अगदीं आरंभींच्या कामांपैकीं एक म्हणजे ह्याच तालुक्यांतील दातर्तीजवळ पांझरेच्या पाटावर नळांचा सायफन बांधणें हें होतें. फडाची हकीकत आम्हीं इतकी लांबविली ती उगीच नव्हे; बारीपाड्यास पोहोंचल्यावर ती आम्हांस राहून राहून आठवत होती.

बारीपाडा हें सुमारें शंभर उंबऱ्यांचें कोकणा आदिवासींचें खेडें, गुजरातेंतील डांगाच्या सीमेलगतच्या डोंगरांत वसलेलें. १९९० च्या सुमारास ह्या गांवाचें रान नांवापुरतेंच उरलें होतें. लांकूड विकल्यावांचून चूल पेटत नसे, आणि लांकूड विकून विकून डोंगर उघडे पडले. पावसाचें पाणी माती घेऊन धांवत खालीं जाई. उन्हाळ्यांत विहिरी आटत. बायकांची पायपीट वाढे आणि पुरुष मजुरीसाठीं परमुलखीं जात. गांवांतलेच एक तरुण, चैत्राम पवार, एम. कॉम. होऊन परतले होते. शहरांत नोकरी पाहण्याऐवजीं ते गांवांतच राहिले, आणि वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांच्या साह्यानें त्यांनीं गांवास एकत्र बसविलें. पुष्कळ बैठकी झाल्या असतील. असले निर्णय एका रात्रींत होत नसतात. अखेर ठरलें तें असें कीं ४४५ हेक्टर रान गांवानें स्वतः राखावयाचें. त्यांत ओल्या झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, बैलगाडी घालावयाची नाहीं. नियम मोडणारास हजार रुपयांहून अधिक दंड आणि त्याची खबर देणारास बक्षीस. डोंगराच्या उतारावर श्रमदानानें चर खणावयाचे, ओहोळांवर दगडांचे बांध घालावयाचे. हजार रुपये ही त्या काळीं तेथील कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या मजुरीहून मोठी रक्कम होती, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. २०२५ सालीं भारत सरकारनें चैत्राम पवार यांस पद्मश्री दिली, तेव्हां वर्तमानपत्रें वाचणाऱ्या आमच्यासारख्यांस ह्या गांवाचें नांव कळलें.

रखवालदार असलेलीं रानें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. तेथें रखवालदाराचा डोळा चुकविणें हेंच चातुर्य होऊन बसतें, आणि त्यांत भाग घेणारांस फारशी लाजही वाटत नाहीं. येथें रखवालदार कोण, असें आम्हीं गांवांत विचारलें तेव्हां एक म्हातारी हंसली आणि तिनें भोंवतालच्या सगळ्या घरांवरून हात फिरविला.

बरोबर वाट दाखविण्यास पन्नाशीचे एक गृहस्थ आले. डोक्यास टोपी, पायांत झिजलेल्या चपला, हातांत कांहीं नाहीं. निघण्यापूर्वीं त्यांनीं दोनच गोष्टी सांगितल्या: पडलेलें लांकूड हातीं धरलें तर चालेल, पण तें रानांतच टाकून यावें, आणि ओलें कांहीं मोडूं नये. आम्हीं माना डोलावल्या. मान डोलावणें फार सोपें असतें.

वाट म्हणजे मुद्दाम केलेली वाट नव्हे. गांवाच्या मागें शेतें संपतात तेथें ती धोंड्यांतून वर चढूं लागते. प्रथम मुरमाड उतार, मग गुडघाभर उंचीचे काळे दगड, मग एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पावलें टाकीत जावयाचें. दगड ढळत नाहींत ही त्यांतल्या त्यांत सोय. मात्र वाळलेलीं सागाचीं पानें पाऊलभर सांचलेलीं असतात. तीं कोठें दगड झांकतात आणि कोठें दोन दगडांमधील फट, हें पाय घातल्यावांचून कळत नाहीं. आमच्या जाड तळाच्या बुटांपेक्षां त्या गृहस्थांच्या झिजक्या चपला दगडास अधिक धरून होत्या. सौ. नें लवकरच त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून चालण्याची युक्ति काढली, आणि ती आम्हां सर्वांच्या पुढें गेली. भगिनी मात्र दर दहा पावलांनीं “अजून किती?” असें विचारीत होती.

रान दाट आहे. पण त्यांतील बहुतेक झाडांचीं खोडें फार जाड नाहींत, हें थोडें निरखून पाहणाऱ्यास दिसतें. कित्येक साग तर जुन्या तोडलेल्या बुंध्यांतून फुटून आलेले. एका बुडख्यापासून तीन-तीन, चार-चार सोट वर गेलेले. त्या बुडख्यांवर कुऱ्हाडीचे घाव अजून ओळखूं येतात. त्यांच्याकडे बोट करून वाटाड्यांनीं सांगितलें, “हे आमच्या बापांनीं तोडलेले.” थोडें थांबून ते म्हणाले, “थोडे मींही.” साग, ऐन, धावडा, मोह, पळस, मधेंच बांबूचीं बेटें, आणि झाडांच्या सांवलींत, दगडांच्या सांदींत, काळी भुसभुशीत माती. भाच्यानें ती मुठींत घेऊन पाहिली. उघड्या डोंगरावर असली माती नसते. ती पानें कुजून कुजून होते आणि पहिल्याच पावसांत वाहून न जातां राहिली तरच दिसते.

चढ निम्मा झाला असेल. वळणावर दोन मोठ्या धोंड्यांच्या मधून वर चढावयाचें होतें. भाचा सर्वांच्या मागें राहिला होता. कडकन् आवाज झाला. वळून पाहतों तों चिरंजीव हातांत धावड्याची हिरवी, सरळ फांदी घेऊन, पानें ओरबाडून तिची काठी करीत होते. आवाज वाटाड्यांनींही ऐकला होता. ते खालीं उतरून आले. रागावले नाहींत. त्यांनीं मोडलेल्या जागेवर हात ठेवला, सालीची लोंबती पट्टी नीट कापून टाकली आणि मुलास म्हणाले, “आतां ही टाकूं नको. गांवापर्यंत तूंच ने. तेथें सांगावें लागेल.”

भगिनीस ही गोष्ट मुळींच रुचली नाहीं. “अहो दादा, मूल आहे तें. एवढ्याशा फांदीनें काय होतें?”

“काय होतें तें मला ठाऊक नाहीं, ताई,” ते म्हणाले, “सांगावें लागतें एवढें ठाऊक आहे.”

येथें आम्हीं जें केलें तें लिहिण्यास संकोच वाटतो, तरी लिहितों. मंडळी पुढें गेल्यावर आम्हीं वाटाड्यांस बाजूस घेतलें आणि खिशांत हात घालून, प्रकरण येथेंच मिटवितां आलें तर बरें, अशा अर्थाचें कांहीं तरी पुटपुटलों. त्यांनीं आमच्या हाताकडे पाहिलेंही नाहीं. “माझ्याकडे कशाला देतां?” असें म्हणून ते चालूं लागले. शिकलेल्या माणसास नियम पटतो. फक्त तो आपल्या घरच्या मुलापाशीं येऊन थांबला कीं त्यांत कांहीं तरी सवड असावी असें त्याला वाटूं लागतें. आम्हांस तसें वाटलें होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे.

माथ्यावर थोडी सपाट, कातळाची जागा आहे. तेथें बसून आम्हीं पुऱ्या आणि लोणचें खाल्लें. पश्चिमेस डांगाच्या डोंगरांच्या निळसर रांगा, खालीं शेतांचे तुकडे, आणि त्या दोहोंमध्यें हें रान. बोलण्याचें कोणाच्याच मनांत नव्हतें. फांदी भाच्याच्या मांडीवर आडवी होती. त्याचें मन दुसरीकडे वळवावें म्हणून आम्हीं त्यास रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. हें लहानसें घुबड मध्य हिंदुस्थानांतील रानांत राहणारें. शास्त्रज्ञांनीं त्यास १८७३ सालीं नांव दिलें. १८८४ नंतर तें कोणाच्या खात्रीलायकपणें दृष्टीस पडलें नाहीं. तें नष्टच झालें अशी समजूत होऊन बसली होती. अशीं ११३ वर्षें गेलीं. मग नोव्हेंबर १९९७ मध्यें अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सोबती याच खानदेशांत, शहाद्याजवळच्या रानांत, त्याच्या शोधास आले आणि एके सकाळीं तें त्यांना एका झाडावर बसलेलें दिसलें. “इतकीं वर्षें तें कोठें होतें?” भाच्यानें विचारलें. तें तेथेंच होतें, रान होतें म्हणून. हें ऐकून त्यानें फांदीकडे पाहिलें आणि आमचा हेतु फसला.

उतार दुसऱ्या अंगानें आहे, आणि चढापेक्षां अवघड. ओहोळाच्या पात्रांतूनच खालीं यावें लागतें. पावसाळा संपून दोन महिने झाले होते, तरी दगडांखालून पाण्याचा बारीक आवाज येत होता. थोड्या थोड्या अंतरावर हातांनीं रचलेले दगडांचे बांध होते. कोठें दोन हात उंच, कोठें नुसती एक ओळ. चुना नाहीं, सिमेंट नाहीं. प्रत्येकामागें गाळ सांचून त्यावर गवत व रोपटीं उगवलेलीं. गांवाच्या हद्दींत असे लहानमोठे बांध शेंकड्यांनीं आहेत. साक्रीच्या माळावर निसर्गानें घातलेल्या त्या ७९ किलोमीटरांच्या भिंतीपुढें हे म्हणजे मुलांचे खेळ. पण ज्या गांवच्या विहिरी उन्हाळ्यांत आटत तेंच आतां टंचाईच्या दिवसांत शेजारच्या गांवांस पाणी देऊं शकतें, तें ह्या खेळावर. भगिनीनें येथें प्रथमच “अजून किती?” असें न विचारतां, “हे कोणीं रचले?” असें विचारलें. वाटाड्यांनीं एकेका बांधाशीं थांबून कोणत्या आळीनें कोणता रचला तें सांगण्यास आरंभ केला आणि त्यामुळें आमचा उतार दुप्पट लांबला.

ओहोळाच्या कांठीं रानभाज्यांचा विषय निघाला. बांबूचे कोवळे कोंब, टाकळा, कुर्डू हीं नांवें आम्हांसही ठाऊक होतीं. परंतु कडू कंद वाहत्या पाण्यांत ठेवून त्यांचा कडवटपणा काढून खावयाचे, अशा गोष्टी पुस्तकांत कमी व बायकांच्या हातांत अधिक असतात. बारीपाड्यांत दर वर्षीं रानभाज्या रांधण्याची स्पर्धा भरते. बायका आपापल्या घरून पदार्थ करून आणतात, त्यांत काय काय घातलें तें सांगतात, आणि दूरदूरचे लोक तें पाहण्यास व चाखण्यास येतात. सौ. नें याविषयीं इतके प्रश्न विचारले कीं वाटाड्यांस शेवटीं “तें घरीं विचारा” असें म्हणावें लागलें. रान टिकलें तर भाजी टिकते हें उघड आहे. भाजी ओळखणारी बाई टिकली नाहीं तर रानाची चाड कोणास राहील, हा त्याहून अवघड प्रश्न. गांवांतलीं मुलें आतां शिकतात, शिकून बाहेरही जातात. तीं परत येऊन दंड भरण्याचा आणि दंड घेण्याचा हा खटाटोप चालवितील काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. आमच्याच घरच्या मुलाच्या हातांत त्या वेळीं फांदी होती.

गांवांत पोहोंचलों तेव्हां उन्हें कलूं लागलीं होतीं. एका घराच्या ओट्यावर तिघेचौघे बसले होते. वाटाड्यांनीं फक्त “पाहुण्यांना कांहीं सांगायचें आहे,” एवढेंच म्हटलें आणि ते बाजूस झाले. भाचा पुढें झाला. त्याचा आवाज पहिल्या शब्दास फुटेना. पण त्यानें सांगितलें, आणि आईकडे एकदांही न पाहतां सांगितलें. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनीं विचारलें, “जागा ओळखशील?”

“दोन मोठ्या धोंड्यांच्या मधें. धावडा आहे.”

“मग पावसाळ्यांत ये. तेथें जवळच रोप लाव. तुझा दंड एवढाच.” मग त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. “पण तुम्ही मोठीं माणसें.”

रक्कम त्यांनीं सांगितली नाहीं, आम्हींही विचारली नाहीं. आम्हांस योग्य वाटलें तें दिलें. एका तरुणानें आंतून वही आणली आणि तारीख घालून तींत लिहिलें: पाहुणे, एक फांदी. मग चहा आला, आणि सगळें बोलणें भाताच्या जातींवर व साक्रीच्या लग्नांतील जेवणावर गेलें, जणूं मधें कांहीं घडलेंच नव्हतें. फांदी भाच्यास आठवण म्हणून घरीं न्यावयाची होती. तें मात्र त्यांनीं मान्य केलें नाहीं. ती चुलीजवळच्या जळणांत ठेवून आम्ही निघालों. मोटारींत बसतांना भगिनीनें यजमानांच्या मुलास फोन करून, ह्या बाजूस रोपें लावण्याजोगा पाऊस केव्हां होतो याची चौकशी केली.

ज्या वाचकांस ही फेरी करावयाची असेल त्यांनीं आधीं गांवांत कळवावें, वाटाड्यावांचून चढूं नये, आणि सुट्टीच्या दिवशीं मोठा जमाव घेऊन जाऊं नये. दिवस थंडीचे निवडावे. उन्हाळ्यांत ते काळे दगड तापतात. पाणी पुरेसें असावें. पादत्राणें दगडास धरणारीं हवींत. नव्या कोऱ्या बुटांचा उपयोग नाहीं. आणि काठी हवी असेल तर ती घरून न्यावी.